जाड आवाजाचं गाणं

आमच्या वहिनीनं हाळी दिली की समोरच्या डोंगरावर चरणाऱ्या गायी मान वर करायच्या. आमच्याच नव्हे, साऱ्या वाडीच्या. पोलादपूरच्या वर, घाटाच्या पोटात आमची वाडी आहे. घरं लांब लांब, कुणी उतारावर मूठभर दाणे फेकावेत तशी. एका घरातून दुसऱ्या घरी निरोप द्यायचा तर चालत जाण्यापेक्षा पडवीत उभं राहून हाळी देणं सोपं. प्रत्येक बाईची हाळी निराळी. वहिनीची बारीक, उंच आणि शेवटाला किंचित वळलेली. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. तिची हाळी दरीवरून जाते, पलीकडच्या कड्याला लागते आणि परत येताना थोडी भिजून येते, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

हाळीला ओ द्यायचीच, हा आमच्याकडचा नियम. पावसाळ्यात आमच्या वाडीवर असं धुकं बसतं की अंगणातली तुळस दिसत नाही. वाट चुकलेला माणूस हाळी देतो आणि जिकडून ओ येईल तिकडे पावलं टाकत राहतो. म्हणून कोण आहे, कशाला ओरडतोय, हे विचारायचं नाही. आधी ओ द्यायची. वहिनी महाडजवळच्या नाते गावची, सपाटीवरची. पण हा नियम तिनं डोंगरातल्या बायकांपेक्षा घट्ट धरला. एकदा चुलीवरचं दूध तसंच टाकून ती अंगणात धावली आणि धुक्यात तोंड करून ओ देत राहिली. बऱ्याच वेळानं धुक्यातून एक बकऱ्यांचा व्यापारी बाहेर आला. तो वाट चुकला नव्हता, नुसता गात चालला होता.

"काय गो बाय, मला कशाला बोलावतेस? बकरा इकायचा हाय का?" त्यानं विचारलं.

दूध उतू गेलं होतं. वहिनी हसत हसत चूल पुसत मला म्हणाली, "गानं ऐकायचं असतं, भाऊजी. हाळीला ओ द्यायची असते. पन धुक्यात कुठलं काय ते कळत नाय."

माझा थोरला भाऊ, दादा, लग्नाआधीपासूनच मुंबईला. पत्र्याच्या ट्रंका बनवायच्या कारखान्यात तो दिवसभर पत्रा ठोकायचा. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा आणि पालखी मंदिरात परतली की दुसऱ्या दिवशी एसटीत बसायचा. घर, गायी, खाचरं सगळं वहिनीकडे. आम्हा दोघा भावांत त्याच्या वाट्याला हातोडा आला आणि माझ्या वाट्याला शाळा. मी शिकलो, महाडात कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. हे कुणी माझ्यावर लादलेलं नव्हतं आणि दादा त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. न बोललेल्या गोष्टींचं ओझं वाहायची मला सवय आहे.

वहिनीला माझा जुना फोन मी दिला, त्यातही पूर्ण चांगुलपणा नव्हता. फोन असला की दर रविवारी वर चढून जायला नको, असा माझा हिशेब होता. तिला टाइप करता येत नव्हतं. मी माईकचं बटण दाखवलं, "ह्याला विचार, हा सांगतो," म्हणालो आणि मोकळा झालो.

वाडीत नेटवर्क एकाच जागी येतं, सहाणेवर. शिमग्यात पालखी जिथे टेकवतात तो दगडी चौथरा म्हणजे सहाण. दुपारी कामं आटोपली की वहिनी तिथे जाऊन बसू लागली. पहिला प्रश्न तिनं फोनला विचारला तो गायीचा. तपकिरी गायीच्या सडाला सूज आली होती. फोननं कुणा पशुवैद्याचा व्हिडिओ दाखवला. तो संपल्यावर दुसरा आपोआप सुरू झाला, मग तिसरा. आणि गायी गायी करत फोन तिला एका बर्फाच्या मुलखात घेऊन गेला. तिथे लोकरीचा झगा घातलेली एक बाई तळ्याकाठी उभी होती आणि जंगलाकडे तोंड करून गायींना हाळी देत होती. बारीक, उंच, शेवटाला वळलेली.

वहिनीनं काय केलं असेल? तिनं ओ दिली. सहाणेवर उभी राहून, पूर्ण गळ्यानं.

भर दुपारी सगळ्या वाडीच्या गायी डोंगर उतरून सहाणेभोवती गोळा झाल्या. शेजारची शेवंता काठी घेऊन धावत आली. "ह्या बारा वाजता गुरं घरी बोलावलीस? आता संध्याकाळपर्यंत चारा काय तुझा फोन घालनार?"

पुढच्या खेपेला मी वहिनीला समजावू लागलो की हे चित्रण कधीतरी आधी केलेलं असतं, त्या बाईला आपलं काही ऐकू जात नाही. ती म्हणाली, "तेवढं कळतं मला. तिला ऐकायला जानार नाय. पन तिनं हाळी दिली ना? ती दिलीच ना? मग ओ नाय द्यायची, असं कसं?"

तिथून तिला नाद लागला. आपल्या ओळखीचं गाणं तिला फोनवर नको असायचं. "ते शेवंताकडं रोज लागतं," म्हणायची. ज्याच्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही, असं काहीतरी तिला हवं असे. फोनला ती म्हणे, "कधी ऐकलं नाय असं लाव." आणि फोन लावी. एक म्हातारा करवत गुडघ्यात धरून तिच्यावर व्हायोलिनचा गज फिरवत होता आणि करवत एखाद्या बाईसारखी हुंदके देत होती. "करवत हातात हाय नि झाड कापत नाय. चांगला मानूस असनार," वहिनीचा निकाल. कुणी पाण्यानं भरलेल्या पेल्यांच्या काठांवरून ओलं बोट फिरवत होतं. कुठल्याशा बेटावरची माणसं मांडी घालून बसून पितळी भांडी आणि घंटा वाजवत होती. "लग्नघरातली भांडी घासताना अशी सुरात पडली तर घासनारीला कटाळा येनार नाय." देशांची नावं तिनं कधी विचारली नाहीत. तिची तिनं नावं ठेवली होती: बर्फवाली, करवतवाला, भांडीवाले. आणि एक होता दोन गळ्यांचा. गवताळ माळावर, घोड्याशेजारी बसून गाणारा, टोपी घातलेला माणूस. त्याच्या घशातून खाली जात्याची घरघर चालायची आणि त्याच वेळी वर शिट्टीसारखा दुसरा सूर. "ह्याच्या घशात दोघं राहतात," वहिनी म्हणाली, "नि भांडत नायत."

फोन दिला त्यानंतर माझं जाणं कमी व्हायचं, ते वाढलं. मी रविवारी दुकान बंद ठेवून सहाणेवर तिच्याशेजारी बसायला जाऊ लागलो. त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. खाली सावित्रीच्या खोऱ्यावर ऊन पसरलेलं, वर घाटाच्या कडेनं ढग सरकताहेत आणि दगडावर ठेवलेल्या त्या लहानशा फोनमधून कुठल्या कुठल्या मुलखाचे आवाज निघताहेत. कधी कधी डोळे मिटल्यावर समोरचा डोंगर आपला आहे की त्या माणसाचा, हे कळेनासं व्हायचं. वहिनीचे हात मात्र चाललेले असायचे. आवाज ऐकताना ती कडवे वाल सोलायची.

मग दादा कायमचा घरी आला.

आला आणि गप्प बसला. पडवीत एक किंजळीच्या लाकडाचा खांब आहे, आजोबांनी उभा केलेला. त्याला पाठ टेकून तो सकाळपासून बसायचा. कुणी बोललं तर मान हलवायचा, कधी भलतंच उत्तर द्यायचा, बहुतेक वेळा काहीच नाही. शेवंता म्हणाली, "मुंबईनं मानूस तुसडा केला." मला मात्र त्याच्या गप्पपणाचं कारण माहीत होतं, निदान तसं मला वाटत होतं. मी "दादा, कसा आहेस?" विचारी, तो दूर दरीकडे पाहत राही आणि मला वाटे, शाळेचा हिशेब आता सुरू झाला. मी पुन्हा रविवारी जायचा बंद झालो.

वहिनीचंही तसंच झालं. इतक्या वर्षांत त्यांचा संसार दोन सणांपुरता होता आणि सणात घरात सतत ढोल, सनई, पाहुणे. दोघांनी शांतपणे बोलावं अशी वेळच कधी आली नव्हती. तो आल्यावर एका संध्याकाळी ती बांधावर उभी राहिली आणि खालच्या खाचरात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नवऱ्याला तिनं जेवायला हाळी दिली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, म्हणून नुसतीच हाळी. तो हलला नाही. तिनं परत दिली.

"समोरच्या डोंगरानं ओ दिली, भाऊजी," ती मला फोनवर म्हणाली. "ह्यांनी नाय दिली. मी बांधावरच बसले. म्हटलं, आता एवढं काय केलं मी? मग पाखरं उठवायला हे वळले, मी दिसले, तर लहान पोरासारखे हसले. रागावलेला मानूस असा हसत नाय. भाऊजी, ह्यांना ऐकू येत नाय."

फोन अजून माझ्या कानालाच होता. दुकानात एक वकील प्रतिज्ञापत्राची वाट पाहत खोकत होता. दादानं माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं, कारण प्रश्न त्याच्यापर्यंत गेलाच नव्हता. मी मात्र त्याच्या न ऐकण्यातून माझ्यापुरता एक खटला उभा केला होता.

त्याला मी महाडात डॉक्टरांकडे नेलं, वहिनीही आली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पत्र्याच्या आवाजानं कान गेले आहेत. बारीक, उंच आवाज पार गेले, जाड आवाज थोडे शिल्लक आहेत. म्हणजे अख्ख्या खोऱ्यात पोचणारी वहिनीची हाळी एका माणसापर्यंत पोचणार नव्हती, तो नेमका तिचा नवरा. कानातलं यंत्र दिलं, ते शिट्टी मारायचं. दादानं ते दोन दिवस वापरलं आणि डब्यात ठेवून दिलं. पण डॉक्टरांच्या खोलीतून निघता निघता वहिनी दारात थांबली होती. "जाड म्हणजे केवढं जाड?" तिनं विचारलं. डॉक्टर हसले. तिला उत्तर मिळालं नाही.

तिनं ते सहाणेवर बसून शोधलं. "जाड आवाजाचं गानं लाव," तिनं फोनला सांगितलं. फोननं आधी वरातीत वाजतात तशी गाणी लावली. "हे जाड नाय, हे आडदांड हाय," म्हणून तिनं ती बंद केली. माणसापेक्षा लांब नळी जमिनीला टेकवून फुंकणारे लोक सापडले, डोंगरावरच्या मठात घुमणारे साधू सापडले. आणि फिरून फिरून दोन गळ्यांचा आला. फोन दादाच्या कानाशी धरला तर त्याला काहीच येईना. एवढ्याशा फोनच्या पोटात जाड आवाज मावत नाही. मग तिनं माझ्याकडे "आवाजाचा डबा" मागितला. मी महाडच्या बाजारातून एक चांगला स्पीकर घेऊन वर गेलो.

ती दुपार मला स्पष्ट आठवते. दादा नेहमीसारखा खांबाला टेकून बसला होता आणि तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापत होता. धान्य उपसायची पत्र्याची सुपली तो वाडीतल्या घराघराला करून द्यायचा. वहिनीनं खांबाच्या मागच्या बाजूनं, त्याच्या पाठीमागे, डबा खांबाला चिकटवून धरला आणि मला म्हणाली, "लावा." सहाणेवरच फोनमध्ये उतरवून घेतलेला, गवताळ माळावरचा तो माणूस घुमू लागला. दादाची कात्री थांबली. त्यानं मागे हात नेऊन खांब चाचपला.

"हे काय येतंय गो, पाठीतून?"

 तिनं डबा तसाच धरून ठेवला. दादा हळूहळू पाठ खांबाला पुरती टेकवून, डोळे मिटून बसला. पुष्कळ वर्षं उन्हात उभं राहिलेल्या माणसाला सावली मिळावी तसा तो दिसत होता.

मला वाटलं, झालं, काम झालं. वहिनीला तसं वाटत नव्हतं. "डब्यातला कुनीतरी ह्यांना हाक मारतोय. चांगलं हाय. पन घरची मी हाय ना? हाक मीच मारनार."

आणि खोऱ्यातली सगळ्यात उंच हाळी देणारी बाई जाड आवाज शिकायला बसली. दोन गळ्यांचा तिचा गुरू. तो दाखवायचा, ती करायची. आधी नुसता खोकला यायचा. मग म्हशीसारखा हुंकार. घसा बसला की आलं-गुळाचं पाणी, घसा उघडला की पुन्हा सहाण. गायी तिच्याकडे पाहत राहायच्या, पण जवळ येत नव्हत्या. शेवंता ओरडायची, "रेडा शिरला गो सहानेत!" वहिनी उत्तर द्यायची, "शिरू दे. तुझी म्हैस सांभाळ." दुसरा, वरचा सूर तिला कधीच आला नाही. पण पावसाळा सरून भातं पिवळी होऊ लागली तोवर खालचा सूर तिच्या घशात येऊन राहिला. गोल, जाड, लांबवर चालणाऱ्या जात्यासारखा.

त्या दिवशी ती खांबाच्या मागे जाऊन उभी राहिली. पदर खोचला, कपाळ आणि ओठ खांबाला टेकवले आणि घुमली. आवाज फारसा बाहेर आलाच नाही, सगळा लाकडात गेला. मी उंबऱ्यात उभा होतो. दादा समोर डोंगराकडे पाहत होता. त्याच्या पाठीला काहीतरी कळलं. तो वळला नाही. फक्त म्हणाला,

"ओ."

वहिनी तिथेच खांबाला धरून राहिली. थोड्या वेळानं दादानं विचारलं, "काय काम होतं?" त्याला दिसेल अशी ती पुढे आली आणि ओठ मोठे हलवत म्हणाली, "काय नाय. हाक मारायची होती."

त्यानंतर ते त्यांचं रोजचं झालं. जेवायला ये, पाऊस आला, चहा झाला, एवढंच. पण इतक्या वर्षांचं राहिलेलं बोलावणं त्या खांबातून चाललेलं असायचं. शेवंतासुद्धा त्या वेळेला आपला रेडिओ बारीक करायची. विचारलं तर म्हणायची, "बॅटरी वाचवते."

गेल्या वर्षी, भात झोडून झाल्यावर वहिनीला ताप आला. साधा वाटलेला ताप छातीत उतरला. महाडच्या दवाखान्यात ती लोखंडी कॉटवर पडलेली असे आणि दादा कॉटचा दांडा धरून स्टुलावर बसे. बोलायचं त्राण संपलं तेव्हाही एकदा तिनं मान वळवून ओठ दांड्याला लावले. दादा पटकन म्हणाला, "ओ!" दाराशी असलेली नर्स धावत आली. "काय आजोबा, हाक मारली?" दादाला ते ऐकू गेलं नाही. नर्स माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं, "त्यांनी नाही मारली. त्यांना मारली." दोन दिवसांनी वहिनी गेली.

तिचा फोन आता माझ्याकडे आहे. तो मी महाडात उघडतो तेव्हा तो बिचारा तिच्याच आवडीचं काढून देत राहतो. कुठे कुणी हाडाची बासरी वाजवतंय, कुठे कुणी वाळूच्या टेकडीवर बसून एकाच तारेवर दिवस काढतंय. तिनं ह्याला काय नाव ठेवलं असतं, असं मी प्रत्येक वेळी मनात म्हणतो. मला नावं सुचत नाहीत.

रविवारी मी वर जातो. मागच्या एका रविवारी पोचलो तेव्हा धुकं पडवीपर्यंत आलं होतं. दादा खांबाला टेकून बसला होता. हातात पत्रा नव्हता. पाठ मात्र खांबाला पुरती लावलेली होती, जशी तो तेव्हा लावायचा. मी मागच्या दारानं आलो होतो, त्याला दिसलो नव्हतो. मी खांबामागे किती तरी वेळ घुटमळत उभा राहिलो. हे करावं का? ही त्याची फसवणूक तर नाही? तिच्या जागी उभं राहायचा मला काय अधिकार? मग मी कपाळ खांबाला टेकवलं. लाकडाला धुराचा वास होता आणि वहिनीच्या कपाळाच्या उंचीला एक गुळगुळीत जागा होती. मी त्यापेक्षा थोडा उंच आहे, म्हणून वाकलो. ओठ लावले आणि जमेल तसा, जाड आवाजात घुमलो.

काहीच झालं नाही. माझा श्वास संपत आला.

"ओ," दादा म्हणाला.

मला रडू आलं आणि लाजही वाटली. पुढे जाऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो, चूक कबूल करायला. पण त्याचा चेहरा फसलेल्या माणसाचा नव्हता.

"तू व्हतास ते कळलं मला," तो म्हणाला. "तिच्याहून बारीक हाय तुझा आवाज. अजून जाड कर."

"मग ओ का दिलीस?" मी ओठ मोठे हलवत विचारलं.

त्यानं अंगणाकडे हात केला. तिथे धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. "कोन हाय ते बघून ओ देतात का रे?"

मग त्यानं विचारलं, "काय काम होतं?"

इतक्या वर्षांत मी त्याला सांगायचं ठरवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. शाळा, हातोडा, न गेलेले रविवार. पण त्या धुक्यात ते सगळं फार लांबचं वाटलं.

"काय नाय," मी म्हणालो. "हाक मारायची होती."

दादा थोडा बाजूला सरकला. खांबाला माझी पाठ टेकेल एवढी जागा झाली.